पास्कूच्या डोक्याचे फोटो

पास्कू, काल तुझी सातव्या दिवसाची मिसा झाली. चर्चच्या पायऱ्या उतरताना तुमच्या वाडीतल्या एका म्हातारीने मला अडवलं. काळा झगा, हातात काठी, आणि डोळ्यांत कित्येक वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न.

"डॉक्टर, तुमी तेच्या डोक्याचे इतके फोटो काडलात. आत काय होता ओ?"

मी म्हटलं, "मेंदू होता."

तिचं समाधान झालं नाही. "आमका कदी दिसलो नाय," म्हणाली आणि रिक्षात बसली.

मी एकटाच हसलो. मग तुला सांगायला वळलो. सवय लागलीय रे. मालवणच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो तेव्हापासून गमतीची गोष्ट कानावर आली की आधी तुझ्याकडे वळायचं. तू ती घ्यायचास, तिखटमीठ लावायचास आणि संध्याकाळपर्यंत गावभर करायचास. माझं काम ऐकण्याचं, तुझं बोलण्याचं. पुढे धंदेही तसेच मिळाले. मी कणकवलीत एक्स-रे, सीटी, एमआरआय काढणारा डॉक्टर झालो, दिवसभर काळोख्या खोलीत लोकांची हाडं न्याहाळणारा. आणि तू ड्रिल मास्तर, शिवाय भात कापून झालं की मळ्यामळ्यांतून होणाऱ्या क्रिकेट सामन्यांचा कायमचा समालोचक. "बॅट्समनान बॅट फिरवल्यान, बॉल गेलो भेंडीत, आणि फिल्डर बघा मंडळी, बसलो आसा बिडी ओडीत!" हे ऐकायला क्रिकेट न कळणाऱ्या बायकाही मळ्याच्या बांधावर येऊन बसायच्या.

म्हणून काही वर्षांपूर्वी तुझा आवाज बसला तेव्हा ते सगळ्यांना कळलं, फक्त ते गंभीर आहे हे कोणाला कळलं नाही. आवाज बसला म्हणजे तरी काय, नाक इतकं चोंदलं की तुझा 'म' गेला आणि 'न' गेला. "नमस्कार मंडळी"चं "दबस्कार बंडळी" झालं. "मालवण"चं "बालवड". पोरं शाळेच्या वाटेवर तुझी नक्कल करायची, आणि तू त्यांना थांबवून "अशी दाय रे, दीट कर" म्हणून सुधारून द्यायचास. वाफ घेतलीस, ओव्याची पुरचुंडी हुंगलीस. फेणी नाकाला बाहेरून चोळायची की पोटात घ्यायची याबद्दल वाडीत दोन पक्ष होते, तू दोघांनाही दुखावलं नाहीस. मी दोनदा म्हटलं, एकदा दाखवून घे. तू म्हणालास, "सर्दीचो फोटो काडतत काय रे?"

फायनलच्या दिवशी माइकसमोर बसलेला असताना तुझ्या नाकातून रक्त आलं. थेंब नाही, धार. पांढरा सदरा डाव्या बाजूने लाल झाला. लोकांना वाटलं, चेंडू लागला. सामना थांबला. आणि तू एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हातात माइक धरून म्हणालास, "काय एक झाला दाय. खेळ चालू ठेवा." फिलूवहिनीने मला फोन केला तेव्हा मागे भोंग्यावर तुझा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी तुला माझ्या मशीनखाली झोपवलं. मी काचेच्या अलीकडे. पडद्यावर तुझं डोकं फोडी केल्यासारखं एकेक चकतीने येत होतं, आणि नाकाच्या मागच्या भागात, जिथे नुसती हवा म्हणजे काळी पोकळी दिसायला हवी, तिथे काहीतरी बसलं होतं. गोलसर, गुळगुळीत, निवांत. बाजूचं पातळ हाड मोडलं नव्हतं, ढकलून सरकवलं होतं. गर्दीच्या एस्टीत जाडा माणूस शेजारच्याला सरकवतो तसं. शिरेतून औषध दिल्यावर ते उजळून निघालं, म्हणजे आत रक्तपुरवठा भरपूर. मी खूप वर्षं हे काम करतोय. पण त्या दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं तुझं नाव मी पुन्हा पुन्हा वाचत होतो, दुसऱ्या कोणाचं असावं म्हणून.

बाहेर येऊन मी म्हणालो, "पास्कू, बस. नाकाच्या मागे एक गाठ दिसते आहे. फोटोवरून तिचं नाव सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

तू फिलूवहिनीकडे बघितलंस आणि म्हणालास, "वायट आसा."

"असं कुठे म्हटलं मी?"

"तू माज्याशी शुद्ध मराठीत बोललंस."

(तुझे गेलेले 'म' आणि 'न' इथून पुढे मीच भरून लिहितोय.) खरंच की. तुझ्याशी माझ्या तोंडून मालवणीशिवाय कधी काही आलं नव्हतं. त्या दिवशी मी ओरोसच्या कचेरीत अर्ज द्यायला गेल्यासारखा बोलत होतो. मी घाईघाईने मालवणीवर आलो, पण तू माझी चोरी पकडली होतीस.

मग लगेच भांडायला लागलास. इतक्या मोठ्या मशीनाक साधा नाव सांगूक येना नाय? मी म्हटलं, आमच्या फोटोत घर दिसतं, दारावरची पाटी दिसत नाही. आत कोण राहतो ते दार उघडूनच बघावं लागतं.

दार उघडलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तुकडा काढला, आणि आतले रहिवासी निघाले प्लाझ्मा पेशी. तुला मी समजावलं की या पेशी वाईट नव्हेत, सगळ्यांच्याच असतात, हाडांच्या आतल्या मगजात राहतात आणि रोगजंतूंशी लढायला औषध तयार करतात. कधीतरी त्यातली एखादी बिघडते, तिची पिलावळ वाढते आणि गाठ होते. अशी गाठ डोक्या-मानेच्या भागात, नाकाच्या मागे वगैरे एकटीच आली असेल तर किरणांनी बहुतेक वेळा जाते. पण हाडांतून सगळीकडे पसरलेलं असेल तर तो आजारच निराळा.

"म्हणजे ती एकटी आसा काय वांगडा कोण आसा, ह्यां बघूचा?"

"व्हय."

"एकटी असात तर बरा."

"व्हय."

तू विचार केलास. "लगीन नाय. एकटो रवता. काळोखात बसान आसता. कोणाशी बोलना नाय. दत्त्या, माज्या नाकात तूच आसस रे!"

फिलूवहिनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. मी लग्न केलं नाही यावर तू केलेल्या विनोदांपैकी हा एवढाच मला आवडला.

एमआरआय काढायचा होता, गाठ कवटीच्या तळातून वर मेंदूकडे गेलीय का ते बघायला. तो निराळाच तमाशा झाला. मी बजावलं होतं, हलायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंसुद्धा जपून. मशीन ठणठणायला लागलं आणि पाच मिनिटांत पडद्यावर तुला तीन नाकं आली. आतल्या माइकचं बटण दाबलं तर तू त्या ठणठणाटाचं समालोचन करत होतास! "आणि हो बॉलर धावता आसा, धावता आसा, अजून धावताच आसा..." मी ओरडलो, "पास्कू, गप रव!" तू म्हणालास, "हयसर कबरीत घातल्यासारख्या वाटता रे. बोल्लंय नाय तर भियान जीव जातलो." तेव्हा मला कळलं की तू घाबरलायस. मग मी बटण दाबूनच बसलो. एकेका भागाच्या मध्ये मशीन थांबायचं तेव्हा मी बोलायचो, आणि मशीन सुरू झालं की तू गप्प राहायचास. मी, ज्याला चारचौघांत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्याने त्या दिवशी तुला आपल्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाची सगळी गोष्ट सांगितली. फोटो स्वच्छ आले. गाठ जिथल्या तिथे होती, वर गेली नव्हती. बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "गोष्ट खराब सांगितलंस. शेवट चुकलो."

तो शेवट चुकला नव्हता, पास्कू. तुझी धोतराची गाठ रंगमंचावरच सुटली होती. आता वाद घालायला तू नाहीस तर मी हे छापून टाकतो.

मग सगळ्या अंगाचा पेट स्कॅन, तो गोव्याला जाऊन. "नाकाचो आजार आणि पेटाचो फोटो?" हा विनोद तू मला, फिलूवहिनीला, एस्टीच्या कंडक्टरला आणि तिथल्या इस्पितळातल्या प्रत्येक नर्सला ऐकवलास. तिथे तुला शिरेतून किरणोत्सारी साखर दिली. शरीरात जिथे काम जोरात चालू असतं तिथे ती साखर जाते आणि फोटोत तो भाग दिव्यासारखा पेटलेला दिसतो. गाठींत काम जोरात चालतं, म्हणून त्या सापडतात. इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं असतं. गप्प. हे तुला तीन वेळा सांगितलं गेलं, मी स्वतः फोनवर चौथ्यांदा सांगितलं.

संध्याकाळी तिथल्या डॉक्टर बाईंचा मला फोन आला. "नाकातली गाठ दिसते आहे. पण जीभ आणि स्वरयंत्र भलतंच पेटलंय. तुमचे पेशंट बोलत होते का?"

"हो."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

त्या हसल्या नाहीत. मागाहून कळलं की पलीकडच्या खोलीत मडगावचे एक गृहस्थ होते आणि तू मधल्या भिंतीतून त्यांच्याशी फुटबॉल बोलत होतास. जीभ आणि गळा राबत होते, सगळी साखर तिकडे धावली. आमच्या धंद्यात हे माहीत असलेलं आहे. पण इतकं लखलखीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्या मात्र पुढे जे म्हणाल्या ते विनोदाचं नव्हतं. डाव्या बाजूच्या फासळ्यांवर ठिपके पेटले होते, एकाखाली एक, ओळीने. मार लागला असेल तर असं ओळीने दिसतं. हा आजार हाडांत शिरला तर सहसा वाट्टेल तिथे विखुरलेला दिसतो. बारीक चिराही दिसल्यासारख्या वाटत होत्या. पण आजाराने पोखरलेल्या फासळीलाही चीर जाते. "मार लागला होता का विचारलं," त्या म्हणाल्या, "पेशंट ठामपणे नाही म्हणतात."

मी तुम्हा दोघांना सेंटरवर बोलावलं. फिलूवहिनीच्या हातात जपमाळ होती. तू खुर्चीत मागे रेलून बसला होतास, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

"पास्कू, गेल्या दोन-तीन महिन्यांत तू कुठे पडला होतास?"

"पडाक मी काय ल्हान पोर?"

"आपटला असशील. कोणी ढकललं असेल."

"माका ढकलूची कोणाची छाती नाय."

"नीट आठव. हे ठिपके मार लागल्याचे नसतील तर आजार हाडांत गेलाय असं धरून चालावं लागेल. मग ती एकटी गाठ नव्हे. मग उपचार वेगळे, लांबलचक. वर्षानुवर्षांचे."

मी पुन्हा शुद्ध मराठीत बोलत होतो, आणि या वेळी चोरी पकडायचं तू विसरलास. फिलूवहिनीची बोटं मण्यावर थांबली. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "भावजी, तेका दुखतला?"

तू तिच्याकडे बघितलंस. मग पंख्याकडे. मग स्वतःच्या चपलांकडे.

"माडावरसून," तू म्हणालास.

"काय?"

"माडावरसून पडलंय. फायनलच्या आदल्या सांजेक. भोंगो बांदूक चडलेलंय. हे आजकालचे झील भोंगो सरळ बांदनत नाय, आवाज सगळो खाडीत जाता."

साठी उलटल्यावर स्टुलावरही चढायचं नाही, अशी वहिनीने तुला घरच्या क्रुसासमोर शपथ घातली होती, हे मला ठाऊक होतं.

"आणि माका सांगितलंस, गॅस धरलो म्हणान," ती हळू म्हणाली. "तीन आठवडे मी तुका ओवो उकडून दिलंय."

"तेना बरा वाटला," तू म्हणालास.

तिने डोळे मिटले, कपाळावर क्रूस केला आणि म्हणाली, "देवा बापा, तुजे उपकार! माजो घोव माडावरसून पडलो!" आणि डोळे उघडून हातातली पर्स तुझ्या पाठीत घातली. मग दुसरी. मी ओरडलो, "वहिनी, फासळ्या!" तेव्हा ती बाजू बदलून मारायला लागली. बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले. तू मार खात होतास आणि हसत होतास, आणि मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होतो.

तुझ्या कबुलीवर विसंबून आम्ही थांबलो नाही म्हणा. हाडातला मगज काढून तपासला, तो स्वच्छ निघाला. नंतरच्या फोटोत फासळ्या भरून आलेल्या दिसल्या. गाठ एकटीच होती.

पण त्याच फोटोत मला आणखी एक दिसलं आणि आपला न संपलेला वाद तिथे सुरू झाला. तुझ्या हृदयाच्या धमन्यांत चुना साठला होता. आम्ही शोधत नव्हतो, वाटेत दिसला. मी तुम्हा दोघांनाही सांगितलं. तू भडकलास. "नाकातलो चोर पकडूक गेल्लंस ना? मगे घरातली भांडी मोजीत कित्याक इलंस?" मी म्हटलं, दिसलं ते सांगणं माझं काम आहे. तू म्हणालास, दिसलेलं सगळं सांगायचं नसतं, नाहीतर समालोचन करताना मी किती जणांचे संसार मोडले असते! कुडाळच्या हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या तू वहिनी समोर उभी असेल तेव्हा घ्यायचास. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल सोडलंस, म्हणजे घरचं सोडलंस. चालायला सांगितलं तर म्हणायचास, फिल्डर धावतो तेव्हा माझी नजर त्याच्याबरोबर धावते, तो व्यायामच.

किरणांच्या उपचाराआधी तू माझ्याकडे एकटा आला होतास. तेवढी एक भेट अशी की जिच्यात एकही विनोद नव्हता. तू दाराशी उभा राहून विचारलंस, "आवाज रवतलो?" मरणाबद्दल तू मला कधीच काही विचारलं नाहीस. मी म्हटलं, "रवतलो. सुको जायत, पण रवतलो." मी मालवणीत बोललो, म्हणून तू विश्वास ठेवलास.

डोकं हलू नये म्हणून त्यांनी तुझ्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला होता. उपचार संपल्यावर तो तू मागून घरी आणलास. वहिनी म्हणाली, हा घरात आला तर मी बाहेर. मग तू तो मिरचीच्या वाफ्यात बांबूवर टांगलास, वर तुझी जुनी टोपी. कावळे आले नाहीत. पोस्टमनही यायचा थांबला. पत्रं शेजारी टाकायला लागला. तोंडाची चव गेली तेव्हा तू महिनाभर जेवताना गप्प बसायचास, आणि वहिनी मला फोन करून सांगायची, "भावजी, घर खावक उठता." एके दिवशी सुंगटाच्या कढीला तू नाव ठेवलंस, मीठ कमी म्हणून. ती आनंदाने रडली आणि त्यानंतर दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही.

'म' परत आला, 'न' परत आला. दर सहा महिन्यांनी, मग दर वर्षी तू माझ्याकडे फोटो काढायला यायचास, आणि दर वेळी त्या जागी काळी, रिकामी, सुंदर पोकळी दिसायची. मी अहवालात लिहायचो की गाठ पुन्हा दिसत नाही. तुला सांगायचो, "नाक रिकामा आसा." तू म्हणायचास, "भाड्यान देऊया."

मला तेव्हा तुला सांगायचं असायचं की दर वेळी तो पहिला फोटो पडद्यावर येईपर्यंत माझे हात गार पडलेले असतात. नाही सांगितलं. तू गावभर केलं असतंस.

गेल्या आठवड्यात दुपारी जेवून तू सोप्यावर बसलास आणि वहिनी हात धुऊन येईपर्यंत गेलास. नाक स्वच्छ, हाडं स्वच्छ. चुन्याने नेलं. आयुष्यात तुझ्याशी घातलेला एकच वाद मी जिंकलो, आणि तो असा. वहिनी माझ्यावर चिडलीय. तुमी नाक बघलात, बरगड्यो बघलात, चुनो बघलात, मगे तेचा कान धरून गोळयो कित्याक नाय दिल्यात, डॉक्टर? चिडली की ती मला भावजी म्हणत नाही. तिला काय सांगू? कान धरला होता रे. तू विनोद केलास आणि मी हसलो, कान सुटला.

दफनाच्या दिवशी एक गंमत झाली, ती तुला सांगायची राहिलीय. प्रार्थना संपली. पाद्रींनी पुस्तक मिटलं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. आणि मग कोणी हलेचना. गावातली सगळी माणसं तुझ्या खड्ड्याभोवती नुसती उभी. पाद्री माझ्याकडे बघतायत, मी पाद्रींकडे. मग माझ्या लक्षात आलं. कुठल्याही लग्नात, मयतात, जत्रेत पुढे काय करायचं, कोणी कुठे जायचं, चहा कुठे, जेवण कुठे, हे तूच सांगायचास. सगळी तुझ्या आवाजाची वाट बघत उभी होती.

वहिनीने मला कोपराने ढोसलं. मी एक पाऊल पुढे आलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "मंडळी, शाळेच्या मांडवात चायची सोय केलेली आसा. सगळ्यांनी येवचा."

मागून कोणीतरी ओरडलं, "आयकाक येना नाय!"

मग मी मोठ्याने म्हटलं.